अर्धशिशी आणि आजीची बरणी

१२ जानेवारी

चि. चाखू,

आशीर्वाद. ढीगभर घे, त्याला काही खर्च येत नाही.

तुझं खोकं पोचलं. तुझा कारखाना कामगारांना सुपाची पाकिटं फुकट वाटतो आणि तू ती आम्हाला धाडतेस. म्हणजे तुझी माया आणि त्यांचा कचरा एकाच टपालात. तुझ्या मामीने एक पाकीट फोडून बशीत ओतलं. पांढरं, पिवळं, मध्ये हिरवे ठिपके. कोंडा झालेल्या माणसाने बशीवर डोकं विंचरावं तसं दिसत होतं. मी बोट टेकवलं तर ते बोटालाच चिकटून बसलं. फडक्याने पुसलं, तरी नखाच्या कडेला पिवळी रेघ राहिली ती राहिलीच. शी! मला वाटलं, निदान मुंग्या तरी लाज राखतील. बशी खिडकीत ठेवली. सकाळी बघते तर फुकट औषध वाटतात तिथे लागावी तशी रांग. मुंग्यांनाही आता चव राहिली नाही.

तू लिहितेस की अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, उलट्या होतात. ही अर्धशिशी. अर्धंच दुखतं ना? मग उरलेल्या अर्ध्याने जरा विचार कर की दिवसभर जिभेवर काय काय ठेवतेस. लहानपणी साबण, खडू, मामाच्या चपलेचा पट्टा, सगळं चाटून बघायचीस म्हणून तुझं नाव चाखू पडलं. तेव्हा त्यासाठी धपाटे मिळायचे, आता पगार मिळतो. जग पुढे गेलं ते असं.

सोबत बरणी पाठवते आहे. भाज्या वाळवल्या, डाळ भाजली, मिरी-मीठ घालून दळलं. गरम पाण्यात दोन चमचे टाक की झालं कढण. आत माझ्या हाताशिवाय काही नाही.

(हात धुतला होता. – मामी)

पाहिलंस? मी बोलते, ही उतरवते, आणि मध्येच कंस काढून आत जाऊन बसते. घरात दुसरीकडे जागा नसल्यासारखी.

तुझी,
आजी


२७ जानेवारी

ती. आजी,

नमस्कार मनातल्या मनात. खाली वाकलं की डोक्यात घण बसतात.

मी जिभेवर काय ठेवते ते विचारलंस, तर ऐक. पण जेवण झाल्यावर ऐक. मामी, तुम्हीसुद्धा.

आमच्या चवखोलीत लाकडी खण आहेत, एकेका बाईला एकेक. डोक्यावर लाल दिवा असतो, म्हणजे रंग कळू नये. समोरच्या झडपेतून नंबर टाकलेल्या वाट्या आत येतात. घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, स्टीलच्या पेल्यात थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुढची वाटी. दुपारपर्यंत पेल्यात माझीच थुंकी फेसाळलेली असते, वर तेलाचा तवंग. जन्मात कोंबडी न पाहिलेला कोंबडीचा अर्क, विस्तव न लावलेला धूर, आणि सगळ्यांच्या बुडाशी ती पांढरी पावडर. आम्ही तिला नुसती 'पांढरी' म्हणतो. पांढरी टाकली की पुठ्ठाही जेवणासारखा लागतो. ती गिळली नाही तरी घशात रेंगाळत बसते, नको असलेल्या पाहुण्यासारखी.

मग संध्याकाळी डोळ्याच्या कडेला नागमोडी उजेड थरथरायला लागतो. पुढे अर्धं डोकं जातं. एकदा खोलीबाहेर पळायलाही सवड मिळाली नाही, त्याच पेल्यात ओकले. शेजारच्या खणातली म्हणते कशी, "यालाही नंबर देऊ का गं?"

कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं. मी म्हटलं, पांढरीनेच होतंय. ते म्हणाले, "असेलही. रंगाने असेल, झोपेने असेल, उपाशी राहून असेल, उन्हाने असेल. कुणाचं डोकं कशाने उठेल याचा नेम नाही." मग त्यांनी एक परीक्षा ठरवली. महिनाभर चवखोली बंद, पाकिटातलं सगळं बंद, फक्त घरचं साधं खायचं. त्रास कमी झाला, तर ते माझी बदली बिस्किटांच्या भट्टीवर करायला सांगतील. तिथे पांढरी नाही. नाही झाला, तर परत खणात बसायचं किंवा घरी जायचं. आमच्या चवखोलीच्या मोठ्या बाई तर तोंडावरच म्हणाल्या, "आम्ही जिभेला पगार देतो, डोक्याला नाही."

म्हणून सध्या उकडलेले बटाटे, अंडी, पाव आणि दोन वेळा तुझं कढण. पाव चौकशी करून शेजारच्या भट्टीतून आणते, नुसतं पीठ, पाणी, मीठ. आजी, काय हात लागलाय तुझा यंदा! पहिल्या घोटालाच डोळे मिटले. लहानपणीही इतकं चविष्ट लागायचं नाही. संपत आलंय. आणखी पाठव.

तुझी,
चाखू


१० फेब्रुवारी

चि. चाखू,

तुझं पत्र मामीने वाचलं, आणि ती दोनदा थांबून पाणी प्यायली. मी मात्र पेल्याचा तेवढा भाग पुन्हा वाचून घेतला. माणसं पैसे देऊन असल्या खोलीत थुंकायला बसवतात, आणि आम्ही रस्त्यावर फुकट थुंकलो तर घाणेरडे.

तुझ्या त्या मोठ्या बाईंना विचार, जीभ डोक्यात असते की पिशवीतून आणायची असते?

कढणाचं कौतुक केलंस ते ऐकून मी दिवसभर दारात बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता यावं म्हणून. शेजारचा शिंपी म्हणाला, "आजी, या वयात माणसाचा हात थरथरतो, तुमचा सुधारला." मी म्हटलं, बाबा, दारू आणि म्हातारी मुरली पाहिजे. यंदा सगळेच बोटं चाटतायत. मामा तर दुसऱ्यांदा मागून घेतो, आणि तो लग्नाच्या जेवणातही दुसऱ्यांदा मागत नाही.

दुसरी बरणी पाठवते आहे. पोटभर पी. बघू या, कारखान्याची पांढरी जिंकते की तुझी काळी आजी.

(बरणीपेक्षा ताज्या भाज्या उकडून खा, चाखू. ताजं ते ताजं. कढण चवीपुरतं घे. नाही घेतलंस तरी चालेल. – मामी)

ही एवढा वेळ काय लिहिते आहे? मी तर केव्हाची बोलायची थांबले आहे.

तुझी,
आजी


९ मार्च

ती. आजी,

महिना संपला. सरळ सांगते, डोकं थांबलं नाही. पहिला आठवडा वाटलं, थोडं हलकं आहे. पण ते वाटणंच होतं. पुन्हा तोच नागमोडी उजेड, तोच ठणका. पडदे ओढून, बादली उशाशी घेऊन पडून राहायचे. सावरलं की उठून तुझं कढण करायचे, कारण पोटात तेवढंच ठरायचं. चमचा वाटीवर आपटला तरी कपाळात कळ जायची, म्हणून बोटाने ढवळायचे.

डॉक्टरांनी लिहून दिलं: पावडरीचा संबंध दिसत नाही. रागावले नाहीत, उलट चुकचुकले. मोठ्या बाई मात्र म्हणाल्या, "काहींचं डोकं कामाच्याच दिवशी दुखतं." सगळ्यांसमोर म्हणाल्या. माझ्या शेजारची, ती पेल्याला नंबर देणारी, तीसुद्धा खाली बघत राहिली.

मी परत खणात बसले आहे. मामाला सांग, काळजी करू नको. कागद संपला, पुढचं मागच्या बाजूला लिहिते.

आजी, आता नीट ऐक.

आमच्याकडे नवं पाकीट येतंय. नाव 'आजीच्या हातचं'. वर एका बाईचा फोटो आहे, केसांना पांढरा रंग फासलेला, हसू भाड्याचं. मोठ्या बाईंनी माझ्या डब्याच्या फळीवर तुझी बरणी पाहिली. मला न सांगता त्यातले दोन चमचे काढून कढण केलं आणि बाकीच्या वाट्यांबरोबर नंबर टाकून झडपेतून आत सरकवलं. खरी आजी कशी लागते ते त्यांना ऐकायचं होतं.

मी घोट घेतला, फिरवला, थुंकले, आणि ओरडून सांगितलं, "ही आपलीच. पांढरी जास्त झालीय, आणि कुणीतरी डाळ करपवलीय."

पलीकडे हशा पिकला. मोठ्या बाई झडपेतून वाकून म्हणाल्या, "अगं, ही तुझ्या आजीची!"

मी बरणी खोलीवर नेली. दिवा बंद केला, नाक उघडं ठेवलं, पुन्हा चाखली. पांढरीच. उजेडात, तुझ्या बरणीतून, मला ती महिनाभर तुझी लागत होती. मला शिसारी आली, आणि कुणाची ते ठरवता येईना.

एक तर माझी जीभ खोटी आहे, नाहीतर तुझी बरणी. जीभ खोटी असेल तर माझी भाकरी गेली, कारण मला दुसरं काही येत नाही. बरणी खोटी असेल तर आजी, मी महिनाभर बादलीत ओकले आणि तोंड धुऊन पुन्हा तेच प्यायले. एक तारखेपर्यंत मला सांगायचं आहे, खणात बसते की जाते. तू खरं काय ते कळव.

चाखू


१८ मार्च

चि. चाखू,

अर्धशिशी गेली नाही ऐकून वाईट वाटलं. मी माझ्या हाताला एवढी शाबासकी घेत बसले होते, आणि त्याने तुझं काहीच भलं केलं नाही.

त्या बाईने चारचौघांत टोमणा मारला, तर तूही चारचौघांतच उत्तर द्यायचं. तेवढ्यासाठी डोकं लागत नाही, जीभ लागते, आणि तिचा तर पगारच घेतेस.

तुझं पत्र मात्र अर्ध्यात तुटल्यासारखं संपलं. बहुतेक लिहिता लिहिता डोकं उठलं असेल. पडून राहा. उजेड बंद कर. कढण पीत जा.

(कढण बंद कर. ताबडतोब. कारण मागाहून. – मामी)

तुझी,
आजी


२२ मार्च

चि. चाखू,

हे पत्रही तुझी मामीच लिहिते आहे. शिंपी लिहून द्यायला तयार होता, पण मी म्हटलं, नको. जिच्या हाताने घातलं तिच्याच हाताने लिहिलं जाऊ दे. ती रडते आहे, शाई फुटली असेल तर समजून घे.

मला अक्षर कळत नाही, पण कागदाला पाठ असते एवढं कळतं. तुझं पत्र वाचताना ही खिडकीपाशी उभी होती. उन्हात कागदाच्या मागच्या ओळी पुढून उमटलेल्या दिसत होत्या, गच्च, मुंग्यांसारख्या. आणि हिने पान उलटलं नाही. पुढच्या बाजूचा शेवट वाचून घडी घातली. तेव्हा मी म्हटलं, उशीर झाला असेल, भात उतू जात असेल. चार दिवस ते पान माझ्या डोक्यात फडफडत राहिलं. शेवटी पत्र कमरेला खोचलं आणि बटण लावून घ्यायचंय म्हणून शिंप्याकडे गेले.

त्याने मशीन थांबवलं आणि वाचलं. त्याला हळू आवाजात वाचता येत नाही. दुकानात गिऱ्हाईकं होती. ती सगळी माझं कढण कधी ना कधी प्यायलेली आहेत. 'पांढरी' शब्द आला तसं एकीने तोंडावर हात धरला. मी बटण न लावताच घरी आले.

हिला विचारलं, "सूनबाई, बरणीत काय घातलंस?"

ही म्हणाली, "आई, तुमचं नाक गेलंय."

लिही, लिही. थांबू नकोस.

ही म्हणाली, "पावसाळ्यात तुम्हाला ताप आला होता, त्यानंतर गेलंय. डाळ करपून घरभर धूर झाला, मुलं खोकत बाहेर पळाली, आणि तुम्ही ढवळत म्हणालात, कसा छान वास सुटलाय. मीठ दोनदा घातलंत, नाहीतर घातलंच नाहीत. पहिल्या खेपेचं कढण कुणाच्या तोंडात जाईना. तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसला होतात. मला बघवेना. चाखूच्या खोक्यातली पाकिटं होती, प्रत्येकात चवीची वेगळी पांढरी पुडी असते, ती मिसळली. सगळे वाहवा करायला लागले. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मी विचारलं, "आणि पोरीचं पत्र आलं, पांढरीने डोकं उठतं म्हणून, तेव्हा?"

"दुसऱ्या बरणीत कमी घातली," म्हणते.

कमी घातली! चाखू, विष अर्धा चमचा कमी घातलं तर त्याला पथ्य म्हणत नाहीत, एवढं हिला कळू नये? हा शब्द मी म्हटलेला आहे, तिने 'विष' लिहायला का-कू केली.

(मला वाटलं घरच्या बरणीने घरच्यांचं डोकं कसं दुखेल. मला खरंच तसं वाटलं. – मामी)

आता माझं ऐक. नाक गेलेलं मला ठाऊक होतं. एक दिवस साबण आणि लसूण हातात सारखेच लागले, तेव्हाच कळलं. मी बोलले नाही. सुनेच्या राज्यात सासूला उरतं काय? नाक उंच धरून स्वयंपाकघरात उभं राहणं. तेही आतून रिकामं आहे हे कशाला सांगू? मग ही माझ्यापासून लपवायची आणि मी हिच्यापासून. आणि आम्हा दोघींच्या लपवालपवीतून तुझी थुंकण्याची पुडी फिरून तुझ्याच वाटीत आली. तुझ्या कारखान्याने दिली, तू आम्हाला धाडलीस, आम्ही माझं नाव लावून तुला परत धाडली. गटाराचं पाणी इतक्या इमानाने घरी येत नाही.

मला सगळ्यात जास्त ओकारी कशाची येते सांगू? दारात बसून मी ते कौतुक लोकांकडून चाटूनपुसून घेत होते. ते पाकिटावरचं भाड्याचं हसू म्हणालीस ना, तेच मी फुकट हसत होते.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. मोठ्या बाईंपुढे मोठ्याने वाच. म्हणावं, आजी खोटी निघाली, जीभ खरी आहे. करपलेली डाळसुद्धा जिने लाल दिव्यात ओळखली, तिला खोटी म्हणणारीने आधी आपलं तोंड धुवावं.

नवी बरणी पाठवते आहे. सूनबाईला स्वयंपाकघराबाहेर उभं केलं, चौकटीच्या आत पाय टाकू दिला नाही. डाळ मीच भाजली, मीठ मीच घातलं, वास मला आला नाही. कशी झाली आहे देव जाणे. तुला साधं हवं होतं ना? याहून साधं काही माझ्याकडे नाही.

आजी

(माफ कर. – मामी. हे त्यांनी सांगितलेलं नाही.)


१२ मे

ती. आजी,

तुझ्या बरणीचा निकाल खालीलप्रमाणे. मी पगार घेऊन जसा देते तसाच देते, नातं बाजूला ठेवून.

दिसायला: पावसात भिजलेलं सिमेंट.
वास: जळक्या केरसुणीचा. तुला येत नाही हे तुझं भाग्य.
चव: सुरुवातीला कोळसा, मधे काहीच नाही, शेवटी एकदम मीठ, जणू ते मागून धावत आलं. गिळल्यावर दाताला रेती लागते. भाज्या धुतल्या होत्यास ना?
एकूण: इतकं घाणेरडं कढण मी आजवर थुंकलेल्या कुठल्याही वाटीत नव्हतं. शेजारच्या खणातलीला चमचाभर दिलं. ती म्हणाली, "याला नंबर नको, धोक्याची पाटी लाव."

मामी, आता पान उलटा. ती बघते आहे.

तुझं पत्र एक तारखेच्या आदल्या दिवशी पोचलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसू दाबून. मग आधीचा कागद फाडला आणि परीक्षा पहिल्यापासून लावली. त्या महिन्यात डोकं एकदाच उठलं. त्या दिवशी मी उपाशीपोटी उन्हात बसची वाट बघत उभी होते. बाकी दिवस शांत. डॉक्टर म्हणाले, "पांढरीच, असं मी शपथेवर सांगणार नाही. एका डोक्यावरून सगळ्यांचं ठरत नाही. तुझ्यापुरतं मात्र लांब राहा." सोमवारपासून मी बिस्किटांच्या भट्टीवर आहे. पगार तोच.

मोठ्या बाईंपुढे पत्र मोठ्याने वाचलं. शिंप्यासारखं. 'तोंड धुवावं' इथे आले तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नंतर हळूच विचारत होत्या, नव्या पाकिटावर तुझा फोटो चालेल का. मी म्हटलं, विचारते, ती थुंकली तर नाही समजा.

मामी, तुमच्यावर राग आहे. दोन बरण्यांचा आहे, लगेच उतरणार नाही. दुसरीचा थोडा कमी.

आजी, डाळ भाजताना मामींना चौकटीच्या आत येऊ दे. नुसतं उभं राहून "पुरे" म्हणायला. बाकी कशाला हात लावायचा नाही.

बरणी संपली. तळाचं नखाने खरवडून खाल्लं, नाक दाबून. दुसरी पाठव.

तुझी,
चाखू